विंडोज डिफेंडर: सोलापूरच्या घरगुती कॉम्प्युटरला एवढं पुरतं का?

नव्या पेठेत कॉम्प्युटर घ्यायला गेलं की बिलाच्या शेवटी एक ओळ हमखास येते: अँटिव्हायरस, एक वर्ष. "घालून घ्या की, सेफ राहतंय," असं काउंटरवरून सांगितलं जातं, आणि एवढ्या मोठ्या खरेदीत शेवटच्या ओळीवर घासाघीस कोण करत बसणार? निकाल आधीच सांगून टाकतो. विंडोज ११ असेल, ते अस्सल असेल आणि घरात कोणी क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरत नसेल, तर विंडोजसोबत फुकट येणारा डिफेंडर घरासाठी पुरतो. यातली एखादी अट मोडत असेल तर उत्तर बदलतं, पण तेव्हाही ते "मग विकतचा घ्या" इतकं सरळ नसतं.

डिफेंडरची बदनामी जुनी आहे आणि त्या काळी ती खोटी नव्हती. विंडोज ७ मधला डिफेंडर फक्त स्पायवेअर, म्हणजे गुपचूप पाळत ठेवणारे प्रोग्राम, बघायचा. व्हायरससाठी मायक्रोसॉफ्टचंच सिक्युरिटी इसेन्शियल्स वेगळं टाकावं लागायचं. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हा दोन्ही कामं एकत्र झाली आणि डिफेंडर पूर्ण अँटिव्हायरस म्हणून विंडोजचा भाग झाला. पुढची काही वर्षं तो स्वतंत्र चाचण्यांत मागेच असायचा. आता जर्मनीतल्या एव्ही-टेस्टच्या घरगुती वापराच्या चाचण्यांत तो नावाजलेल्या विकतच्या प्रॉडक्टांच्या बरोबरीनं गुण मिळवतो. ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जच्या चाचण्यांतून मात्र त्याची एक खोड दिसते: नेट तुटलेलं असलं की त्याची पकड ढिली पडते. अनोळखी फाइल दिसली की डिफेंडर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतो आणि बराचसा निर्णय तिकडून येतो, म्हणून असं होतं. ज्या मशीनला नेटच नाही आणि दिवसभर परके पेन ड्राइव्ह लागतात, म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातलं किंवा एखाद्या टॉवेल कारखान्यातलं बिलिंगचं मशीन, तिथे ही उणीव खरी आहे. घरी फायबर चालू असतं, तिथे ती जाणवत नाही.

दुसरी तक्रार वजनाची. मशीनवर काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' या नावानं जो दिसतो तो डिफेंडरच. हजारो बारीक फाइली कॉपी करताना किंवा मोठं सॉफ्टवेअर इन्स्टॉल होताना तो प्रोसेसर खातो, काम संपलं की गप्प बसतो. ४ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर तो जड वाटतो, यात शंका नाही. पण अशा मशीनवर विकतचे संचही हलके चालत नाहीत, कारण त्यांच्याबरोबर व्हीपीएन, पासवर्ड मॅनेजर, 'ट्यून-अप' अशी वरात येते आणि ती सगळी स्टार्टअपमध्ये जाऊन बसते.

आता महत्त्वाचं. डिफेंडर चांगला असला तरी तुमच्या मशीनवर तो जागा आहे का, हे बघितल्याशिवाय काही खरं नाही. असेंबल केलेल्या मशीनवर दुकानातून येतानाच त्याचे हातपाय बांधलेले असण्याची शक्यता बरीच असते. स्टार्ट दाबून 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जा, 'मॅनेज सेटिंग्ज' दाबा आणि पान सगळ्यात खाली नेऊन 'एक्सक्लुजन्स' उघडा. ही यादी म्हणजे डिफेंडरनं कुठे बघायचं नाही याचा हुकूम. साध्या घरगुती मशीनवर ती कोरी असायला हवी. तिथे आख्खा सी ड्राइव्ह, 'डाउनलोड्स' किंवा केएमएस अशा नावाचा फोल्डर दिसला, तर विंडोज किंवा ऑफिस फुकटात चालू करायचं टूल मशीनमध्ये आहे आणि ते पकडलं जाऊ नये म्हणून पहारेकऱ्याला त्या खोलीत जायला मनाई केली आहे, असं समजा. ही टूल डिफेंडर 'हॅकटूल' म्हणून दाखवतो तेव्हा "तो उगाच ओरडतो, अलाऊ करा" असं सांगण्याची पद्धत आहे. तो उगाच ओरडत नाही. एका टूलसाठी मोकळ्या सोडलेल्या त्याच फोल्डरमध्ये पुढे दुसरं कोणीही येऊन बसतं.

यादी रिकामी केल्यावर त्याच पानावर रिअल-टाइम प्रोटेक्शन, क्लाउड प्रोटेक्शन आणि टॅम्पर प्रोटेक्शन ही तिन्ही बटणं चालू आहेत का बघा. टॅम्पर प्रोटेक्शन चालू असेल तर बाहेरचा प्रोग्राम गुपचूप डिफेंडर बंद करू शकत नाही. एखादा क्रॅक "आधी टॅम्पर प्रोटेक्शन बंद करा" असं सांगत असेल तर त्याचा हेतू त्यानं स्वतःच सांगितला. मग 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन'च्या सेटिंगमध्ये नको असलेली अ‍ॅप्स अडवण्याचे दोन चौकोन आहेत, अ‍ॅप्ससाठी एक आणि डाउनलोडसाठी एक. दोन्हींवर खूण हवी. फुकट पीडीएफ कन्व्हर्टर, ड्रायव्हर अपडेटर आणि व्हिडिओ डाउनलोडर यांच्याबरोबर चिकटून येणारा कचरा इथे अडतो.

रॅन्समवेअर म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम. त्याच्यासाठीच्या 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मधला 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' मुळात बंद असतो. तो चालू केला की अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. सोय उत्तम, पण त्रासदायक. जुनं डीटीपीचं सॉफ्टवेअर, एखादी अकाउंटिंगची प्रणाली किंवा मुलांचा गेम अचानक "फाइल सेव्ह होत नाही" म्हणायला लागतो आणि दोष दिला जातो त्या सॉफ्टवेअरला. तिथेच 'अलाऊ अ‍ॅन अ‍ॅप' मधून त्याला परवानगी द्यावी लागते. घरात हे सांभाळणारं कोणी असेल तरच चालू करा. नाहीतर बाहेरच्या डिस्कवर फोटो आणि कागदपत्रांची प्रत ठेवणं जास्त कामाचं, आणि ती डिस्क प्रत काढून झाल्यावर मशीनपासून काढून ठेवायची. लावूनच ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर मूळ फाइलींबरोबरच कुलूपबंद करतो.

विकतच्या अँटिव्हायरसला काहीच अर्थ नाही, असं म्हणणं नाही. क्विक हील पुण्याची, के७ चेन्नईची. दोन्ही आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळतात, आणि पेन ड्राइव्ह लावल्या लावल्या तपासणं, मुलांसाठी वेळेची आणि साइटची बंधनं, अडलं तर फोनवर बोलायला माणूस, हे पैसे देऊन मिळतं. डिफेंडरसाठी मायक्रोसॉफ्टला फोन करून कोणी मदत मागत नाही. दिवसाला अनेक परके पेन ड्राइव्ह घेणाऱ्या दुकानाला हा खर्च वाजवी आहे. घेताना दोन गोष्टी बघा. लायसन्स-की तुमच्याच ईमेलवर नोंदवून घ्या. तीन युजरचा एक बॉक्स तीन गिऱ्हाइकांत वाटला जातो आणि मग रिन्यूअलच्या वेळी खातं कोणाचं याचा पत्ता लागत नाही. आणि मुदतीची तारीख बिलावर लिहून घ्या. विकतचा अँटिव्हायरस बसला की डिफेंडर बाजूला होतो. मुदत संपलेला संच तसाच पडून राहिला तर लाल चिन्ह दाखवण्यापलीकडे त्याचा उपयोग उरत नाही. नक्की कोण पहाऱ्यावर आहे ते विंडोज सिक्युरिटीच्या सेटिंग्जमधल्या 'मॅनेज प्रोव्हायडर्स'मध्ये दिसतं. रिन्यू करायचं नसेल तर तो पूर्ण काढा, त्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल चालवा आणि मशीन रीस्टार्ट करा; डिफेंडर आपोआप जागा होतो. दोन अँटिव्हायरस एकत्र चालवणं हा मात्र शुद्ध वेडेपणा. दोघंही प्रत्येक फाइल उघडताना मध्ये पडतात आणि मशीन गुडघ्यावर येतं.

फुकटच्या अँटिव्हायरसबद्दल एकच गोष्ट पुरे. अवास्टनं आपल्या वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली. जानेवारी २०२० मध्ये ते उघडकीला आल्यावर जंपशॉट बंद करावी लागली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं त्यापायी १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. डिफेंडर आधीच मशीनमध्ये असताना या वाटेला जायचं कारण नाही.

आता "व्हायरस आलाय" या तक्रारीकडे येऊ. घरगुती मशीनवरच्या अशा तक्रारींत खरा व्हायरस थोड्याच वेळा सापडतो. तरीही प्रत्येक वेळी उत्तर एकच मिळतं, "फॉरमॅट मारू", कारण त्यात निदान करावं लागत नाही.

सगळ्यात जास्त घाबरवणारा प्रकार म्हणजे स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात दर पाच मिनिटांनी येणारी "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले" ही पाटी. वर एखाद्या नामांकित अँटिव्हायरसचा लोगोही असतो. हा व्हायरस नाही, क्रोमची नोटिफिकेशन आहे. क्रिकेटची मॅच किंवा सिनेमा फुकट दाखवणाऱ्या साइटनं "रोबोट नसाल तर अलाऊ दाबा" म्हटलं आणि कोणीतरी दाबलं, एवढंच घडलेलं असतं. पाटीच्या खाली बारीक अक्षरात साइटचं नाव असतं, ते वाचा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'साइट सेटिंग्ज', मग 'नोटिफिकेशन्स' उघडा आणि परवानगी दिलेल्या यादीतल्या अनोळखी साइट काढून टाका. एजमध्येही जवळपास याच नावाची सेटिंग आहे. दोन मिनिटांचं काम, आणि याला अँटिव्हायरस काहीच करू शकत नाही, कारण परवानगी तुम्हीच दिलेली असते.

याचा थोरला भाऊ म्हणजे पूर्ण स्क्रीन भरणारी, भोंगा वाजवणारी, मायक्रोसॉफ्टच्या नावाची निळी पाटी, तिच्यावर एक फोन नंबर. मायक्रोसॉफ्ट कधीच अशा पाटीवर नंबर देत नाही. एस्केप बटण दाबून धरा म्हणजे फुल स्क्रीन सुटते, मग विंडो बंद करा. नाहीच झाली तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर संपवा. पुन्हा उघडताना जुनी पानं 'रिस्टोअर' करू नका. नंबरवर फोन करून कोणी एनीडेस्कसारख्या, दुसऱ्याचं मशीन दुरून चालवणाऱ्या अ‍ॅपनं आत शिरलंच असेल तर आधी नेटची वायर काढा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार करा. पैसे गेले असतील तर ते पुढच्या खात्यांतून काढले जाण्याआधी गोठवता येणं वेळेवरच अवलंबून असतं. मशीनची साफसफाई त्यानंतर.

पेन ड्राइव्हचा 'शॉर्टकट व्हायरस' मात्र अस्सल. प्रवेशाच्या आणि परीक्षेच्या फॉर्मच्या दिवसांत सात रस्त्यापासून विद्यापीठापर्यंत एकच पेन ड्राइव्ह चार झेरॉक्स दुकानांतून फिरतो आणि घरी येतो तो फाइलींच्या जागी शॉर्टकट घेऊनच. पेन ड्राइव्ह लावताच प्रोग्राम आपोआप सुरू होण्याची सोय विंडोज ७ पासून बंद आहे. म्हणून या किड्यांनी युक्ती बदलली: खऱ्या फाइली लपवायच्या, त्याच नावाचे शॉर्टकट ठेवायचे आणि माणसाकडूनच डबल क्लिक करून घ्यायचं. म्हणजे शॉर्टकट उघडला नाही तर घरचं मशीन वाचतं. फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू' मधून लपलेल्या वस्तू दाखवा, फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची खूण काढा. तुमच्या फाइली फिकट रंगात दिसतील, काही वेळा नाव नसलेल्या एका फोल्डरच्या पोटात. फक्त ओळखीच्या फोटो, पीडीएफ आणि वर्डच्या फाइली मशीनवर घ्या, बाकी काहीही नको, आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. मग ती सिस्टिम फाइलींची खूण परत घाला, नाहीतर डेस्कटॉपवर दिसणारी अनोळखी फाइल घरातलं कोणीतरी कचरा समजून उडवेल.

शॉर्टकट आधीच उघडला गेला असेल तर ओळखायची खूण अशी: साफ केलेला पेन ड्राइव्ह लावला की पुन्हा शॉर्टकट होतात. म्हणजे मशीनमध्ये काहीतरी सतत चालू आहे, बहुधा 'विंडोज स्क्रिप्ट होस्ट' या विंडोजच्याच एका प्रोग्रामच्या आडून. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये तो दिसला तर संपवा, 'स्टार्टअप अ‍ॅप्स'मधली अनोळखी नोंद बंद करा आणि डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. तो 'स्कॅन ऑप्शन्स'मध्ये असतो. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण उठायच्या आधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं. विंडोज चालू असताना लपून बसणारे प्रकार इथे उघडे पडतात. दुसरं मत हवं असेल तर ईसेटचा ऑनलाइन स्कॅनर, मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती किंवा मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर वापरा. हा शेवटचा उतरवल्यापासून १० दिवसच चालतो, जुना जपून ठेवण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनं २०१७ साली सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही साफसफाईची फुकट टूल मिळतात. ही माहिती काउंटरवर सहसा कोणी देत नाही, आणि का देईल?

"मशीन खूप स्लो झालंय, व्हायरस असणार." इथे व्हायरस जवळपास कधीच नसतो. टास्क मॅनेजर उघडा आणि 'डिस्क'चा स्तंभ बघा. तो शंभर टक्क्यांना चिकटलेला असेल आणि मशीनमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आजार तोच. विंडोज १० आणि ११ सतत बारीकसारीक वाचतं-लिहितं, आणि मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेणारी लॅपटॉपची डिस्क त्याला पुरी पडत नाही. अँटिव्हायरसच्या रिन्यूअलचे पैसे २५६ जीबीच्या सॅटा एसएसडीकडे, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्ककडे, वळवले तर फरक पहिल्याच स्टार्टला दिसतो. डिस्क नुसती हळू आहे की मरायला टेकली आहे, हे क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट प्रोग्राममध्ये कळतं. 'रिअलोकेटेड सेक्टर्स' किंवा 'करंट पेंडिंग सेक्टर'पुढे शून्यापेक्षा मोठा आकडा असेल आणि वर पिवळं 'कॉशन' दिसत असेल, तर पूर्ण स्कॅन लावून डिस्कला आणखी दमवू नका. आधी फाइली बाहेर काढा. खराब सेक्टरमुळे फाइली उघडेनाशा होतात, फोल्डर गायब होतात, विंडोज अडकतं. लक्षणं हुबेहूब व्हायरसची असतात.

मशीन अचानक बंद पडणं हा इथल्या उन्हाळ्याचा प्रकार. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, खोलीतच हवा तापलेली असते आणि प्रोसेसरचा पंखा तीच हवा फिरवतो. त्यात पूर्व भागात घराशेजारी माग चालत असतील तर सुताची भुरी हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरवरच्या उष्णता ओढणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांत नमद्यासारखी बसते. धूळ ब्रशनं झटकली जाते, ही भुरी तशी निघत नाही. पंखा उतरवून, चिमट्यानं थर ओढून काढून मगच ब्लोअर मारावा लागतो. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा. जोरात फिरवला तर बेअरिंग जातं. इंटेलच्या साध्या कूलरला प्लास्टिकच्या चार खिट्या असतात. जुन्या झाल्या की त्या ठिसूळ होतात, आणि चारांतली एक जरी नीट बसली नाही तरी हीटसिंक एका बाजूनं उचललेला राहतो. साफसफाई करून आणलेलं मशीन आधीपेक्षा जास्त तापत असेल तर पहिला संशय या खिटीवर घ्या, दुसरा प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधल्या, न बदललेल्या थर्मल पेस्टवर. एचडब्ल्यूइन्फो या फुकट प्रोग्राममध्ये तापमान दिसतं. काही काम नसताना साठीच्या वर आणि व्हिडिओ लावला की नव्वदीच्या वर जात असेल तर दुखणं उष्णतेचंच.

तापमान ठीक असूनही बंद पडत असेल तर वीज बघा. 'इव्हेंट व्ह्यूअर'च्या सिस्टिम लॉगमध्ये 'कर्नल-पॉवर, ४१' ही नोंद म्हणजे मशीन रीतसर बंद न होता गेलं, इतकंच ती सांगते. कारण सांगत नाही. पण ती नोंद दिवे मिणमिणण्याच्या वेळेशीच जुळत असेल तर एसएमपीएस (मशीनमधला वीज पुरवणारा डबा) किंवा यूपीएसची बॅटरी दोषी. ६०० व्हीएच्या घरगुती यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि लाइट गेल्यावर पाच सेकंदही टिकत नाही. ती बदलून मिळते, नवा यूपीएस घ्यावा लागत नाही.

आणखी एक फसवा प्रकार. बँकेची साइट, जीमेल, सरकारी पोर्टल, सगळीकडे "हे कनेक्शन सुरक्षित नाही" असं लाल पान येतं. कोपऱ्यातली तारीख बघा. ती काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही ३ व्होल्टची बटण बॅटरी संपली आहे. साइटच्या प्रमाणपत्रांना मुदत असते, आणि मशीनच्या लेखी ती मुदत अजून सुरूच झालेली नसते. घड्याळाच्या दुकानातही मिळणारी ही बॅटरी बदलायची आणि तारीख दुरुस्त करायची. तारीख बरोबर असूनही सगळ्याच साइटवर तसं पान येत असेल तर मात्र गंभीर घ्या: नेटवर्क सेटिंग्जमध्ये कोणी प्रॉक्सी, म्हणजे नेटची ये-जा स्वतःमधून वळवणारा मधला सर्व्हर, घातला आहे का ते बघा, आणि तोपर्यंत बँकेत लॉगिन करू नका.

मग खऱ्या संसर्गाची चिन्हं कोणती? विंडोज सिक्युरिटी उघडतच नाही किंवा उघडून लगेच मिटतं. क्रोमचा सर्च आपोआप दुसरीकडे जातो, आणि मेनूत खाली "तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित" अशी इंग्रजी ओळ दिसते, घरचं मशीन कुठल्याच संस्थेचं नसताना. काही उघडलेलं नसताना पंखा जोरात फिरतो आणि टास्क मॅनेजर उघडल्याबरोबर शांत होतो. चोरून क्रिप्टो खणणारे काही प्रोग्राम टास्क मॅनेजर दिसला की मुद्दाम थांबतात. फाइलींच्या नावापुढे अनोळखी शेपूट लागतं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी सापडते. यातलं काहीही दिसलं तर नेट तोडा आणि पासवर्ड बदला, पण दुसऱ्या मशीनवरून. ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आधी चोरीला जातात आणि मग मालकाला कळतं. रॅन्समवेअर असेल तर चिठ्ठी आणि एक-दोन बिघडलेल्या फाइली जपून ठेवा; 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर त्या दाखवल्या की त्या जातीची फुकट चावी आहे का ते कळतं. घरगुती मशीनवर धुमाकूळ घालणारी स्टॉप किंवा डीजेव्हीयू ही जात क्रॅक आणि की-जनरेटरमधूनच पसरली. तिच्या सगळ्या प्रकारांची चावी नाही.

विंडोज १० वाल्यांसाठी तारखा. मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नाव नोंदवलं तर घरगुती मशीनला सुरक्षेचे पॅच १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची योजना आहे. डिफेंडरच्या व्हायरस-याद्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत, म्हणून विंडो हिरवी दिसते आणि सगळं आलबेल वाटतं. तसं नसतं. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर विंडोजमधल्या ज्या भोकातून शिरला ते बुजवणारा पॅच मार्चमध्येच आला होता. ज्यांनी घातला नव्हता ते अडकले. विकतचा अँटिव्हायरसही विंडोजमधलं भोक बुजवत नाही. ११ न चालणाऱ्या जुन्या मशीनवर फक्त ब्राउझिंग आणि टायपिंग होत असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघायला हरकत नाही, फक्त प्रिंटर आणि जुने मराठी फाँट चालतात का ते आधी पेन ड्राइव्हवरूनच तपासा.

शेवटी मशीन दुकानात द्यायचीच वेळ आली तर. "फॉरमॅट" म्हणजे सी ड्राइव्ह की पूर्ण डिस्क, हे आधी विचारा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स सी मध्येच असतात. लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज होम असेल तर त्याचं लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, तेव्हा "विंडोज प्रो टाकून देतो" याला नाही म्हणा. होम परत टाकलं की ते नेटवर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. आणि अलीकडचे विंडोज ११ चे लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरू केले की डिस्क स्वतःहून एन्क्रिप्ट करतात, म्हणजे चावीशिवाय वाचता येणार नाही अशी करून ठेवतात. बायोस (मदरबोर्डमधली मूळ सेटिंग) रीसेट झालं किंवा मदरबोर्ड बदलला तर पुढच्या स्टार्टला ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते आणि ती दुकानदाराकडे नसते. तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून ती आधीच कागदावर उतरवा, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.